कोहा वापरणाऱ्या ग्रंथालयांच्या गटासाठी मेलिंग लिस्ट सुरू करावी की न्यूजग्रुप?

पुस्तकखिडकी, दादर

नमस्कार. मुंबई, ठाणे आणि वसई-विरारकडच्या लहानमोठ्या सार्वजनिक ग्रंथालयांत कोहा ही मुक्त ग्रंथालय-प्रणाली वापरणाऱ्या आम्हा मंडळींचा एक गट आहे. त्याची नोंदणी नाही की वर्गणी नाही. दर दोन महिन्यांनी कोणाच्या तरी वाचनालयात शनिवारी दुपारी जमावे, आपापल्या अडचणी मांडाव्यात आणि चहा घेऊन घरी जावे, असा आमचा रिवाज आहे. सभासद ११० आहेत. त्यांत बहुतेक ग्रंथपाल आणि लिपिक आहेत. सर्व्हर उघडून आत हात घालू शकतील असे सात-आठच.

एरवीचा सगळा संवाद मोबाइलवरच्या गटात चालतो आणि तिथेच घोडे पेंड खाते. सकाळी विचारलेला प्रश्न दुपारपर्यंत सुप्रभात आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडला जातो. एकच उदाहरण देते. देवनागरीत शोध घेतला की कपाटात असलेले पुस्तकही संगणकावर सापडत नाही, ही आमच्याकडची नेहमीची तक्रार आहे. कोहाच्या झेब्रा या शोधयंत्रणेत आयसीयू पद्धतीची (निरनिराळ्या लिप्या ओळखणारी) अनुक्रमणी, म्हणजे शोधसूची, चालू करून सगळ्या नोंदींची अनुक्रमणी नव्याने बांधली की ती दूर होते. आमच्या एका सभासदाने हे उत्तर कोणती फाइल उघडायची, कोणती ओळ बदलायची आणि मग कोणती आज्ञा द्यायची इथपर्यंत व्यवस्थित लिहून दिले होते. गेल्या जूनमध्ये एका वाचनालयाला त्याची गरज पडली, तेव्हा लिहिणाऱ्यांनी फोन बदललेला होता, इतरांनी जागा भरली म्हणून जुने संदेश पुसलेले होते, आणि ते उत्तर कोणाच्याच हाती लागले नाही. त्यानंतर तोच प्रश्न चार वेळा आला आणि चारही वेळा अर्धवट उत्तरे मिळाली.

गेल्या बैठकीत दोन सूचना आल्या. एका निवृत्त सभासदांचे म्हणणे असे की स्वतःचा न्यूजग्रुप चालवावा, कारण ‘प्रश्न आणि उत्तर एका जागी राहते, घरोघर वाटावे लागत नाही’. दुसऱ्यांचे म्हणणे असे की मेल सगळ्यांना येते, तेव्हा साधी मेलिंग लिस्ट करावी. आमच्याकडे २ जीबी मेमरीचा एक भाड्याचा सर्व्हर आहे आणि आठवड्यातून एक संध्याकाळ देऊ शकणारे दोन स्वयंसेवक आहेत. पत्रव्यवहार मराठीत होणार आहे. ज्यांनी यांपैकी काही प्रत्यक्ष चालवले आहे, त्यांचे मत हवे आहे.

जुनाशेल, चेंबूर

ताई, मी न्यूजग्रुपच्या पंक्तीत वाढलेला माणूस आहे, म्हणून माझे बोलणे थोडे तिकडे झुकलेले वाटेल, शेवटपर्यंत वाचा.

या दोहोंतला फरक कागदाच्या भाषेत सांगायचा तर मेलिंग लिस्ट म्हणजे परिपत्रक आणि न्यूजग्रुप म्हणजे वाचनालयाच्या टेबलावर ठेवलेले वर्तमानपत्र. लिस्टवर एक पत्र आले की सर्व्हर त्याच्या ११० प्रती काढून ११० टपालपेट्यांत टाकतो. न्यूजग्रुपमध्ये सर्व्हरवर एकच प्रत राहते आणि ज्याला वाचायचे असेल तो येऊन वाचतो. अनेक सर्व्हर एकमेकांशी जोडलेले असतील तर तीच प्रत एकाकडून दुसऱ्याकडे पोहोचते. १९७९ मध्ये ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांना ही कल्पना सुचली आणि १९८० पासून ती यूजनेट या नावाने पसरली. तेव्हा यंत्रे रात्री एकमेकांना फोन लावून पत्रांची देवाणघेवाण करीत. पुढे १९८६ मध्ये एनएनटीपी हा न्यूजच्या देवाणघेवाणीचा नियमसंच आला आणि सर्व्हरवर बसल्याजागी वाचणे सोपे झाले.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, त्यानंतर वर्षभरात मी मोडेम घेतला. त्या काळी न्यूजग्रुपचे मोल काय होते ते आज सांगून पटायचे नाही. जोडणी झाली की आधी फक्त मथळे उतरवून घ्यायचे, लाइन तोडायची, चहा पीत पीत त्यांतले हवे तेवढे निवडून खुणा करायच्या, पुन्हा लाइन जोडून तेवढीच पत्रे उतरवायची. घरातले फोनसाठी खोळंबलेले असायचे. मेलिंग लिस्टवर हा विवेक नव्हता, कारण वाचायचे असो वा नसो, आलेली सगळी टपाल उतरवावी लागे. टेक्स या अक्षरजुळणीच्या प्रणालीविषयी मला जे काही येते, त्यातले निम्मे मी कॉम्प.टेक्स्ट.टेक्स या गटात नुसता गप्प बसून शिकलो.

गप्प बसून शिकण्याची ही सोय तुमच्या गटाला सर्वांत जास्त उपयोगी पडेल, म्हणून तिच्याबद्दल दोन वाक्ये अधिक लिहितो. नवा माणूस न्यूजग्रुपमध्ये आला की त्याच क्षणी त्याच्यासमोर सर्व्हरवर असलेली सगळी जुनी पत्रे, कोणाचे उत्तर कोणाला होते त्या शाखांसकट, उघडी असतात, आणि प्रश्न विचारण्यापूर्वीच उत्तर दिसण्याची शक्यता असते. मेलिंग लिस्टवर नव्याने आलेल्याची पेटी रिकामी असते. त्याच्या दृष्टीने जगाचा आरंभ त्याच्या नावनोंदणीच्या दिवशी होतो आणि मागचे पाहायचे तर संग्रहाचा पत्ता वेगळा शोधावा लागतो, जो तो शोधत नाही. मात्र सर्व्हरवर पत्रे किती दिवस ठेवायची हे व्यवस्थापक ठरवतो आणि मुदत संपलेली पत्रे आपोआप पुसली जातात. तुम्ही स्वतःचा सर्व्हर चालवलात तर ही मुदत काढून टाका. पूर्वीच्या मोठमोठ्या सर्व्हरांना ते परवडत नव्हते, तुमच्या ११० जणांच्या गप्पा मात्र दहा वर्षांत एका पेनड्राइव्हचा कोपरासुद्धा भरणार नाहीत.

एवढी वकिली करूनही सल्ला देताना मी मेलिंग लिस्टच सांगेन. न्यूजग्रुपला वाचकाच्या हाती वाचक-प्रोग्राम लागतो, आणि तो आज कोणाकडे आहे? संगणकावर थंडरबर्ड या मेल-प्रोग्राममध्ये अजून ती सोय आहे, पण मोबाइलवर ती नावापुरतीच आहे, आणि तुमचे निम्मे सभासद मेलसुद्धा मोबाइलवर पाहत असणार. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्या पूर्वी स्वतःचा न्यूज सर्व्हर देत, आता देत नाहीत. मायक्रोसॉफ्टने आपल्या वापरकर्त्यांसाठीचे सार्वजनिक न्यूजग्रुप २०१० मध्ये बंद केले, आणि गूगल ग्रुप्समधून यूजनेटवर नवीन लिहिण्या-वाचण्याची सोय २२ फेब्रुवारी २०२४ रोजी थांबली. जुने तेवढे तिथे वाचता येते. तुमच्या निवृत्त सभासदांना माझा नमस्कार सांगा; त्यांचे म्हणणे तत्त्वतः बरोबर आहे, पण वर्तमानपत्र टेबलावर ठेवून भागत नाही, त्या खोलीत कोणीतरी यावे लागते.

सोमवारची_टपाल, वसई

मी संगणकवाला नाही, वाचनालयात लिपिक आहे आणि या गटाचा सभासदही आहे, म्हणून वापरणाऱ्याच्या बाजूने लिहितो. आमच्याकडचा संगणक सोमवारी आणि गुरुवारीच मोकळा मिळतो. रोज वीस मेल यायला लागल्या तर मी पहिल्याच आठवड्यात नाव काढून घेईन. मागे मी एका वेगळ्याच विषयाच्या लिस्टवर होतो. तिथे दिवसभराच्या सगळ्या मेल एका गठ्ठ्यात पाठवण्याची सोय होती. ती मला आवडली, पण त्या गठ्ठ्याला उत्तर दिले की माझ्या उत्तराचा विषय ‘डायजेस्ट, खंड अमुक, अंक तमुक’ असा जाई, खाली सगळा गठ्ठा चिकटून जाई आणि व्यवस्थापक रागावत. माझे काय चुकले ते मला कोणी सांगितले नाही. न्यूजग्रुप म्हणजे काय हे मला वरचे उत्तर वाचून पहिल्यांदा कळले. मला वाटते, मी तिथे गेलो नसतो.

टपालहमाल, ठाणे

वसईच्या सभासदांची तक्रार रास्त आहे. डायजेस्ट हा वाचण्यापुरता असतो; उत्तर देताना विषयाच्या ओळीत मूळ विषय हाताने लिहावा लागतो आणि ज्या पत्राला उत्तर आहे त्याच्या चार ओळी ठेवून बाकी गठ्ठा खोडावा लागतो. हे नावनोंदणीच्या स्वागतपत्रात मराठीत लिहिलेले असले पाहिजे, कारण ते कोणाला उपजत येत नाही.

आता मूळ मुद्दा. मी गेली चौदा वर्षे मेल सर्व्हर सांभाळण्याचे काम करतो. ‘साधी मेलिंग लिस्ट’ हे शब्द वाचून थोडे हसू आले, म्हणून ती किती साधी आहे ते सविस्तर लिहितो. निर्णय मात्र जुनाशेल सरांनी दिला आहे तोच माझाही आहे.

मेलिंग लिस्टचे दुखणे असे आहे की ती दुसऱ्याच्या नावाने पत्र पाठवते. तुम्ही लिहिलेले पत्र लिस्टचा सर्व्हर सगळ्यांना धाडतो, पण पाठवणाऱ्याच्या जागी नाव तुमचे असते, आणि फसवणूक करणारेही नेमके हेच करतात. त्यांना आवर घालण्यासाठी तीन व्यवस्था आल्या. एसपीएफ सांगते की या डोमेनची, म्हणजे मेल-पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावाची, टपाल कोणकोणत्या सर्व्हरवरून निघू शकते. डीकेआयएम पत्रावर अशी सही उमटवते की मजकुरात फेरफार झाला तर ती जुळत नाही. आणि डीमार्क सांगते की या दोन्ही परीक्षांत नापास झालेल्या, माझे नाव सांगणाऱ्या पत्राचे काय करायचे. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या डोमेनसाठी ‘अशी पत्रे सरळ नाकारा’ असा डीमार्क नियम जाहीर केला, त्याच महिन्यात एओएल या मेल पुरवणाऱ्या कंपनीनेही तेच केले, आणि जगभरच्या मेलिंग लिस्टचे कंबरडे मोडले. कारण लिस्टचा सर्व्हर वेगळा, म्हणून एसपीएफ गेले. लिस्टने विषयाच्या आधी आपले नाव जोडलेले आणि तळाशी ‘नाव काढण्यासाठी इथे जा’ अशी ओळ चिकटवलेली, म्हणून डीकेआयएमची सही मोडली. याहूच्या सभासदाने लिहिलेले पत्र जीमेलच्या सभासदाकडे पोहोचेना, ते परत येई, आणि लिस्टची यंत्रणा परत आलेल्या पत्रांचे गुण मोजून त्या बिचाऱ्या जीमेलवाल्याचेच वितरण थांबवी. लिहिणारा एक, नियम करणारा दुसरा, आणि नाव कापले जाते तिसऱ्याचे.

यावर उपाय दोन आहेत. लिस्टच्या यंत्रणेला पाठवणाऱ्याच्या जागी लिस्टचा पत्ता घालायला सांगायचे, म्हणजे पत्र ‘अमुक यांच्याकडून, लिस्टमार्फत’ असे दिसते. नाहीतर पत्राला अजिबात हात लावायचा नाही, म्हणजे मूळ सही शाबूत राहते. जीमेल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून नियम आणखी आवळले आहेत; जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५००० पेक्षा जास्त पत्रे पाठवणाऱ्यांना तिन्ही व्यवस्था बंधनकारक आहेत. तुमच्याकडे दिवसाला दहा पत्रे आली तरी ११० जणांना मिळून ११०० पाठवण्या होतात, तेव्हा तुम्ही त्या मर्यादेच्या बरेच खाली आहात. तरीसुद्धा तिन्ही लावाच, आणि सर्व्हरच्या आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेटवरच्या त्याच्या क्रमांकावरून, उलट शोध घेतला तर तुमच्याच यंत्राचे नाव मिळेल अशी नोंद भाड्याने देणाऱ्याकडून करून घ्या. सर्व्हर घेण्याआधी त्यावरून २५ क्रमांकाच्या पोर्टने टपाल बाहेर जाऊ देतात का तेही विचारा, कारण अनेक ठिकाणी ते मुळातच बंद ठेवलेले असते आणि हे दोन संध्याकाळी डोके फोडून झाल्यावर कळते.

न्यूजग्रुपला यातले काहीही लागत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आयएनएन हा न्यूज सर्व्हर बसवला, सभासदांना नाव आणि परवलीचा शब्द दिला की काम झाले. परत आलेल्या पत्रांची कटकट नाही, आयपी पत्त्याच्या अब्रूची काळजी नाही. चित्रांच्या बाबतीतही तोच फरक दिसतो. तुमचे सभासद पडद्याचा फोटो मोबाइलने काढून जोडणार. २ एमबीचा फोटो मेलमध्ये जाताना सुमारे २.७ एमबीचा होतो, आणि ११० जणांना म्हणजे जवळजवळ ३०० एमबी टपाल एका प्रश्नापायी बाहेर पडते. न्यूजग्रुपवर तो एकदाच ठेवला जातो. मेलिंग लिस्ट चालवणाऱ्या मेलमन या प्रणालीच्या जुन्या आवृत्तीत एका पत्राची कमाल मर्यादा मुळात ४० केबी ठेवलेली असे, ती उगाच नव्हती. तुम्ही २०० केबीपर्यंत जा आणि फोटो लहान करून कसा पाठवायचा हे एका बैठकीत शिकवा.

मराठीबद्दल विचारले आहे, ते माझ्या जिव्हाळ्याचे आहे. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि काना, मात्रा, वेलांटी हे वेगवेगळे चिन्ह म्हणून मोजले जाते. ‘मराठी’ हा शब्द आपल्याला तीन अक्षरी वाटतो, पण संगणकाला तो म, र, काना, ठ, वेलांटी असा पाच चिन्हांचा, म्हणजे १५ बाइटांचा आहे. मेलच्या विषयाच्या ओळीत हे बाइट जसेच्या तसे न घालता बेस-६४ पद्धतीने लिहिले तर २० अक्षरे होतात, आणि कोटेड प्रिंटेबल पद्धतीने लिहिले तर ४५. असा एकेक सांकेतिक तुकडा ७५ अक्षरांहून मोठा असता कामा नये, म्हणून बेस-६४ धरूनही एका तुकड्यात जेमतेम पंधरा चिन्हे मावतात. विषय त्याहून लांब असला की दुसरा तुकडा सुरू होतो. हे तुकडे एखाद्या जुन्या प्रोग्रामने चिन्हाच्या मध्यावर कापले की संग्रहात प्रश्नचिन्हांची माळ दिसते. न्यूजग्रुपमधील पत्राची रचना मेलच्याच धर्तीवर केलेली असल्यामुळे तिकडे गेलात तरी यातून सुटका नाही. प्रणाली नवी घ्या, एवढाच उपाय आहे. मेलमन २ ही आवृत्ती पायथन २ या प्रोग्रामिंगच्या भाषेवर चालते आणि पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला, तेव्हा कोणी ‘हलकी आहे’ म्हणून ती सुचवली तरी घेऊ नका. मेलमन ३ तुमच्या २ जीबीत बसेल, पण त्याच सर्व्हरवर कोहा ठेवू नका.

आणखी एक जपण्याची जागा म्हणजे उत्तर कोणाकडे जावे हे ठरवणारी ओळ. ती लिस्टकडे वळवली की खासगी उत्तर चुकून सर्वांना जाते, न वळवावी तर चांगली उत्तरे विचारणाऱ्याच्याच पेटीत राहतात आणि संग्रह उपाशी राहतो. जाणकार मंडळी दुसऱ्या बाजूची असतात, पण तुमच्या गटासाठी मी पहिली बाजू घेईन. मात्र एक काळजी घ्या. मी पूर्वी एका खासगी कंपनीची अंतर्गत लिस्ट सांभाळत होतो आणि तिथे हीच वळवणूक केलेली होती. दिवाळीच्या सुट्टीवर जाताना दोघांनी ‘मी रजेवर आहे’ असे आपोआप जाणारे उत्तर लावले. पहिल्याचे उत्तर लिस्टवर आले, ते दुसऱ्याला मिळाले, त्याचे उत्तर लिस्टवर, ते पुन्हा पहिल्याला. पाडव्याच्या सकाळी फराळाचे ताट बाजूला ठेवून मी ते थांबवले, तोवर प्रत्येकाच्या पेटीत हजाराच्या वर पत्रे साचली होती. आपोआप निघालेली उत्तरे ओळखून अडवण्याची सोय मेलमन ३ मध्ये आहे. ती चालू आहे ना, ते दोन चाचणी खात्यांनी पडताळून पाहा.

दोन्हीदारे, पवई

वरच्या दोन्ही उत्तरांत ‘हे किंवा ते’ असे गृहीत धरले आहे, पण पुष्कळ प्रकल्पांनी दोन्ही दारे उघडी ठेवलेली आहेत. पायथन भाषेची सर्वसाधारण चर्चा करणारी मेलिंग लिस्ट आणि कॉम्प.लँग.पायथन हा न्यूजग्रुप अनेक वर्षे एकमेकांना जोडलेले होते. इकडचे पत्र तिकडे आणि तिकडचे इकडे जात असे. रचना सारखीच आणि प्रत्येक पत्राला स्वतःचा एकमेव ओळखक्रमांक, त्यामुळे ही जोडणी तांत्रिक दृष्टीने अवघड नाही. तिचा जाच निराळा असतो: यूजनेटच्या बाजूने आलेला कचरा लिस्टच्या सभासदांच्या पेटीत शिरतो आणि तो गाळत बसण्याला कोणीतरी बांधून घ्यावे लागते. २००२ मध्ये सुरू झालेल्या जीमेन या सेवेने उलट बाजूने विचार केला आणि हजारो मेलिंग लिस्ट न्यूजग्रुपसारख्या वाचता येतील अशा मांडून दिल्या. लिस्ट लिस्टच राहिली, वाचायला मात्र टेबल मिळाले.

मला लिनक्स या मुक्त संगणक-प्रणालीचे उदाहरण फार बोलके वाटते. लिनस टोरवाल्ड्सने २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपल्या नव्या प्रणालीची वार्ता दिली ती कॉम्प.ओएस.मिनिक्स या न्यूजग्रुपमध्ये. आज तिच्या कर्नलचे, म्हणजे गाभ्याचे, बहुतेक काम मेलिंग लिस्टवर चालते. आणि त्या लिस्टचा संग्रह वेबवर जसा वाचता येतो तसा एनएनटीपीनेही वाचता येतो. ज्या पब्लिक-इनबॉक्स या प्रणालीवर तो संग्रह उभा आहे ती मुक्त आहे, पत्रे गिट या फेरफारांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत साठवते, आणि त्यामुळे सगळ्या संग्रहाची जशीच्या तशी प्रत कोणालाही आपल्या संगणकावर उतरवून घेता येते.

हा शेवटचा गुण मला प्रत्येक तुलनेहून महत्त्वाचा वाटतो. याहू ग्रुप्सवर असंख्य गटांच्या वर्षानुवर्षांच्या चर्चा होत्या. २०१९ च्या अखेरीस तिथला जुना मजकूर काढला गेला आणि १५ डिसेंबर २०२० रोजी सेवाच बंद झाली. ज्यांच्याकडे स्वतःची प्रत होती त्यांचे काही गेले नाही. तेव्हा ताई, लिस्ट कुठेही चालवा, पण सगळ्या पत्रांची एक फाइल दर महिन्याला किमान दोन वेगवेगळ्या वाचनालयांतल्या संगणकांवर उतरेल असे पाहा. न्यूजच्या दाराची घाई नको. सहा महिने लिस्ट नीट चालली तर मग संग्रहाला ते दार जोडता येते. सभासदांना त्याचा पत्ताही लागत नाही.

पुस्तकखिडकी, दादर

सर्वांचे मनापासून आभार. निवृत्त सभासदांना जुनाशेल सरांचे उत्तर मोठ्याने वाचून दाखवले. खोलीत कोणीतरी यावे लागते, यावर ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग ‘खरे आहे’ म्हणाले. लिस्टच करावी असे ठरत आहे, पण त्यातून एक नवीन शंका उभी राहिली. आमचे लोक प्रश्न विचारताना पडद्याचा जो फोटो जोडतात, त्यात पुष्कळदा वाचकाची अख्खी नोंद असते: नाव, घरचा पत्ता, फोन क्रमांक, आणि त्याने नेलेली पुस्तकेसुद्धा. मोबाइलच्या गटात हे चालून जाते (खरे तर तिथेही चालू नये). संग्रह सर्वांसाठी खुला ठेवला तर हे सगळे जगासमोर येईल. बंद ठेवला तर नव्या माणसाला जुने उत्तर सापडणार नाही, आणि मग एवढा खटाटोप कशासाठी?

टपालहमाल, ठाणे

शंका अगदी योग्य जागी आहे. गेलेले पत्र परत घेता येईल, अशी आशा दोन्हीकडे ठेवू नका. मेल एकदा ११० पेट्यांत पडली की पडली. न्यूजग्रुपमध्ये पत्र रद्द करणारा संदेश पाठवण्याची सोय कागदोपत्री आहे, पण तो खोट्या नावाने पाठवणे इतके सोपे होते की अनेक सर्व्हर त्याच्याकडे लक्षच देत नाहीत. स्वतःचा एकच सर्व्हर असेल तर तिथले पत्र तुम्ही पुसू शकाल, एवढा मात्र न्यूजग्रुपचा फायदा आहे. २०२३ चा वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदाही आता आहे, तेव्हा वाचकांची माहिती सांभाळणे ही नुसती सौजन्याची बाब राहिलेली नाही.

माझी सूचना अशी: संग्रह खुला ठेवा, पण जोडलेली चित्रे संग्रहात जाऊ देऊ नका. चित्र असलेले प्रत्येक पत्र आधी व्यवस्थापकाकडे थांबावे, असे लावता येते. दिवसाकाठी एक-दोन पत्रे थांबतील. तुमच्या दोन स्वयंसेवकांनी ती पाहून सोडायची किंवा ‘नाव झाकून पुन्हा पाठवा’ म्हणून परत करायची. शिवाय कोहाच्या चाचणीसाठी एक खोटा वाचक, म्हणजे काल्पनिक नाव आणि काल्पनिक पत्ता असलेला, प्रत्येक वाचनालयात नोंदवून ठेवा आणि फोटो काढायचा तो त्याच्याच नोंदीचा, अशी सवय लावा.

जुनाशेल, चेंबूर

खोट्या वाचकाची कल्पना उत्तम आहे. आम्ही कार्यालयात असा एक इसम बाळगून होतो; त्याच्या नावावर इतकी कामे नोंदली गेली की एका वर्षी बढतीच्या यादीच्या मसुद्यात त्याचे नाव आले.

पुस्तकखिडकी, दादर

मग असे करतो. मेलमन ३ वर लिस्ट, उत्तरे लिस्टकडे वळवलेली, चित्राची पत्रे थांबवून पाहायची, संग्रह खुला पण चित्रांशिवाय, दर महिन्याची प्रत दादर आणि वसई इथे. वसईच्या सभासदांनी प्रत ठेवायला होकार दिला आहे, त्यांना सोमवारी आणि गुरुवारीच संगणक मिळतो तेही चालेल. मोबाइलवरचा गट शुभेच्छांसाठी राहील. न्यूजचे दार पुढच्या वर्षी. आयसीयूचे ते उत्तर लिहिणाऱ्या सभासदांना पुन्हा गाठले आहे. ते नव्याने लिहून देणार आहेत आणि लिस्टवरचे पहिले पत्र तेच असेल.

एक बारीक प्रश्न राहिला. विषयाच्या आधी चौकटी कंसात ‘कोहा’ असे आपोआप लागावे, म्हणजे पेटीत ओळखू येईल, अशी मागणी आहे. लावावे का?

टपालहमाल, ठाणे

लावू नका. विषय बदलला की डीकेआयएमची सही मोडते, आणि मुळात पंधरा चिन्हांची जागा, त्यात चार ‘कोहा’नेच खाल्ली. प्रत्येक पत्राच्या माथ्यावर लिस्टची ओळख सांगणारी एक स्वतंत्र ओळ असतेच. तिच्यावर चाळणी कशी लावायची ते पुढच्या शनिवारी बैठक कुठे आहे हे कळवलेत तर येऊन दाखवतो.